इंजिनाच्या श्वासाची वेळ

वाफेचे इंजिन चालवणाऱ्या ड्रायव्हरच्या हाताशी दोन मुख्य साधने असत. एक रेग्युलेटर, बॉयलरमधून सिलिंडरकडे किती वाफ सोडायची ते त्यावर ठरे. दुसरे रिव्हर्सर. नावावरून ते गाडी मागे नेण्यासाठी असावे असे वाटते, आणि ते कामही ते करी. पण त्याचा खरा उपयोग गाडी पुढे जाताना होई. पिस्टनच्या प्रवासात वाफ नेमकी केव्हा तोडायची, हे त्या दांड्याने ठरवता येई. गाडी हलवताना वाफ बराच वेळ आत येऊ द्यायची. वेग आला की दांडा मध्याकडे घ्यायचा, वाफ लवकर तोडायची आणि कोंडलेल्या वाफेच्या प्रसरणावर उरलेला पल्ला भागवायचा. त्यात कोळसा वाचे आणि पाणीही. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. तिथला चढ ३७ फुटांमागे १ फूट इतका होता. अशा चढावर दांडा पुढे आणि सपाटीवर मध्याकडे, हे कसब होते आणि ते ड्रायव्हरच्या हातात होते.

ही सोय ज्या रचनेमुळे सुटसुटीत झाली, तिला ‘स्टीफन्सन लिंक मोशन’ म्हणतात. ती १८४२ मध्ये न्यूकॅसलच्या रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या कारखान्यात तयार झाली, पण स्टीफन्सन यांनी नव्हे. विल्यम विल्यम्स हा तिथला ड्राफ्ट्समन आणि विल्यम हाउ हा लाकडी साचे करणारा कारागीर, या दोघांचे ते काम. स्टीफन्सन यांनी स्वतः त्याचे श्रेय कधी घेतले नाही, तरी नाव मालकाचेच चिकटले. तंत्रज्ञानाच्या इतिहासात हे नवे नाही.

एवढे सांगण्याचे कारण असे की, मोटारीचे इंजिन आले तेव्हा ही मोकळीक गेली आणि ती परत यायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

निकोलाउस ओटोने १८७६ मध्ये चार फेरांचे इंजिन चालवून दाखवले: आत ओढणे, दाबणे, स्फोट, बाहेर टाकणे. पुढे आलेल्या सुरुवातीच्या पुष्कळ पेट्रोल इंजिनांत आत घेणारा व्हॉल्व्ह यंत्राने उघडतच नसे. पिस्टन खाली गेला की त्याच्या ओढीने तो उघडायचा आणि हलकी स्प्रिंग त्याला बंद करायची. फेरे वाढले की ही स्प्रिंग मागे पडू लागली. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी दोन्ही व्हॉल्व्ह कॅमशाफ्टच्या ताब्यात गेले. कॅमशाफ्ट म्हणजे उंचवटे असलेला दांडा. तो क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो, उंचवटा आला की व्हॉल्व्ह उघडतो, सरला की मिटतो. बिनचूक आणि टिकाऊ अशी ही सोय होती. मात्र उंचवटा एकदा घासून तयार झाला की व्हॉल्व्ह केव्हा आणि किती वेळ उघडा राहणार, हे लोखंडात कायमचे कोरले गेले.

त्यात अडचण काय, हे साध्या हिशेबाने कळते. मिनिटाला ६०० फेरे असताना पिस्टनच्या एका खेपेला सेकंदाचा विसावा भाग मिळतो. ६००० फेऱ्यांना दोनशेवा भाग. तेवढ्यात सिलिंडर हवेने भरायचा. हवेलाही वजन असते, एकदा धावू लागली की ती लगेच थांबत नाही. त्यामुळे जास्त वेगात पिस्टन वर फिरला तरी व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडा ठेवला, तर मागची हवा आपल्याच जोराने आत घुसते. हेच कमी वेगात केले, तर आत आलेले मिश्रण वर येणारा पिस्टन पुन्हा बाहेर ढकलतो. गाडी दम टाकते. गॅरेजच्या भाषेत पिकअप जातो.

म्हणून कॅमशाफ्ट दोन-चार अंश पुढे बसवला, म्हणजे व्हॉल्व्ह लवकर उघडून लवकर मिटू लागला, की खालच्या वेगात ओढ वाढते आणि वरचा जोर घटतो. मागे बसवला की उलट. शर्यतीच्या गाड्यांचे मेकॅनिक यासाठी सरकवता येणारी चक्रे वापरतात. पण त्यांनाही निवड एकदाच करावी लागते, तीही इंजिन बंद ठेवून. अंशांचा हा खेळ किती नाजूक आहे, पाहा: ४० दात्यांच्या कॅमचक्रावर पट्टा एक दात चुकला, तर क्रँकच्या मापाने १८ अंशांचा फरक पडतो.

मोटारीने या अडचणीवर शोधलेला उपाय म्हणजे गिअरबॉक्स. इंजिनाला आपली चाल बदलता येत नाही, म्हणून ते एका आवडत्या वेगात राहील अशी व्यवस्था करायची आणि हात दुखायचे ते ड्रायव्हरचे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली पद्मिनी आठवा. १०८९ सीसी, सुमारे ४० अश्वशक्ती, एकच कॅमशाफ्ट आणि तोही इंजिनाच्या पोटात. तिचा स्वभाव सौम्य होता. मुंबईत चार माणसे आणि डोक्यावर सामान घेऊन रांगत चालणाऱ्या टॅक्सीला तोच हवा होता. तिच्याकडून वेगाची अपेक्षा कोणी केली नाही.

बदलता येणारे टायमिंग शर्यतीतून आले, असा सर्वसाधारण समज आहे. मला तो पटत नाही. शर्यतीने मोलाची भर घातली हे खरे. १९१२ मध्ये दिएप इथे जॉर्ज बुआलोने फ्रेंच ग्रां प्री जिंकली ती प्यूजो गाडी सिलिंडरवर दोन कॅमशाफ्ट बसवलेली होती. आत घेणाऱ्या आणि बाहेर टाकणाऱ्या व्हॉल्व्हना स्वतंत्र दांडे मिळाले, म्हणजे एकाला न हलवता दुसरा हलवता येण्याची शक्यता जन्मली. पण शर्यतीतल्या ड्रायव्हरला बाजारातून हळूहळू जायचे नसते. इंजिन खाली गुरगुरले, बंद पडायला आले, तरी त्याला चालते. गरज पडली ती धुरामुळे.

१९७० च्या अमेरिकन ‘क्लीन एअर अ‍ॅक्ट’ने मोटारींच्या धुरातले न जळलेले हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड ९० टक्क्यांनी कमी करण्याचा दंडक घातला. मुदती पुढे ढकलल्या गेल्या, पण टांगती तलवार राहिली. इटलीच्या अल्फा रोमिओपुढे पेच होता. १९५४ च्या ज्युलिएत्तापासून त्यांचे दोन कॅमशाफ्टचे छोटे इंजिन वरच्या वेगातल्या जोरासाठी नावाजलेले. अशा इंजिनात एक व्हॉल्व्ह मिटण्याआधीच दुसरा उघडतो. वेगात हे फायद्याचे असते. संथ चालीत मात्र धूर आणि ताजे मिश्रण एकमेकांत मिसळतात, ज्वलन अडखळते आणि न जळलेले पेट्रोल बाहेर पडते. ती सरमिसळ टाळावी तर इंजिनाची ख्याती जाते, ठेवावी तर अमेरिकेची बाजारपेठ.

जांपाओलो गार्चेआ या अल्फाच्या अभियंत्याने तोडगा काढला. त्याने फक्त आत घेणाऱ्या कॅमशाफ्टच्या चक्रात तिरक्या खाचांचा एक तुकडा बसवला. इंजिनाच्याच तेलाच्या दाबाने तो सरकतो, आणि खाचा तिरक्या असल्याने सरकताना दांड्याला थोडा पिळून पुढे नेतो. संथ चालीत व्हॉल्व्ह उशिरा उघडायचा, भार आला की लवकर. १९८० मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या स्पायडर गाडीत ही रचना आली. विक्रीच्या मोटारीतली ती पहिली मानली जाते. रिव्हर्सरचे काम पुन्हा सुरू झाले होते, पण या वेळी ड्रायव्हरला न विचारता.

गार्चेआने वेळ सरकवली, उंचवटा तोच राहिला. होंडाच्या इकुओ काजितानी आणि सहकाऱ्यांनी उंचवटाच बदलला. व्हॉल्व्हच्या जोडीमागे त्यांनी तीन उंचवटे ठेवले, कडेचे दोन सौम्य आणि मधला उग्र. ठरावीक फेऱ्यांवर तेलाचा दाब एक खुंटी सरकवतो, तीन रॉकर एकमेकांना जखडले जातात आणि मधल्याचे राज्य सुरू होते. नोबुहिको कावामोतो यांनी लिटरमागे १०० अश्वशक्तीचे उद्दिष्ट पुढे ठेवले, तेव्हा ते अवघड वाटले होते. एप्रिल १९८९ मध्ये आलेल्या इंटेग्राच्या १.६ लिटर इंजिनाने १६० अश्वशक्ती दिली. लिटरमागचा हिशेब केला तर पद्मिनीच्या सुमारे पावणेतीनपट. हे सगळे कॅममुळे झाले असे नाही. पण एवढ्या उग्र इंजिनाला रोजच्या वाहतुकीत रांगता आले ते कॅममुळेच.

२००० च्या सुमारास भारतातल्या होंडा सिटीवर ‘व्हीटेक’ ही अक्षरे दिसू लागली. आता पुष्कळ साध्या गाड्यांत टायमिंग सरकवणारी कुठली तरी रचना असते, आणि ती कधी हलली ते चालवणाऱ्याला कळतही नाही. बहुतेक ठिकाणी तिला हलवते ते इंजिनाचे तेलच. म्हणून पद्मिनीत जुने, काळे तेल लांबवणे खपून जाई ते इथे महागात पडते. गाळ बारीक जाळीत अडकतो, दाब पोचत नाही, कॅमशाफ्ट आहे तिथेच अडून राहतो. मग गाडी बंद पडत नाही, फक्त पिकअप जातो. आणि जाणता मेकॅनिक टायमिंगला हात लावण्याआधी तेलाची दांडी ओढून पाहतो.