इंग्रज सावकार, तंबाखू आणि जेफरसनची उधारी

मागच्या शनिवारी गृहकर्जाचं वार्षिक स्टेटमेंट उघडलं आणि दिवस खराब झाला. वर्षभर इमानदारीत हप्ते भरले, तर त्यातले निम्म्याहून जास्त पैसे व्याजात गेलेले. मुद्दल आपलं जागच्या जागी बसून माझ्याकडे बघतंय! बायको म्हणाली, "सह्या करताना तो तक्ता वाचला नव्हतास का?" नव्हता वाचला. कोण वाचतं?

त्या वैतागात मला थॉमस जेफरसन आठवला. हे विचित्र वाटेल, पण गेले दोन-तीन महिने मी अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या आगेमागे इंग्रज व्यापाऱ्यांची जी कर्जं अडकली होती, त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचतोय. शाळेत आपल्याला बोस्टन टी पार्टी शिकवली. पण चहाच्या त्या पेट्यांच्या मागे एक भलीमोठी उधारीची वही होती, ती कुणी दाखवलीच नाही. आज ती वही उघडू.

तर व्हर्जिनिया. मुख्य पीक तंबाखू. तिथला मोठा जमीनदार आपला तंबाखू पिंपांत भरून लंडनच्या किंवा ब्रिस्टलच्या अडत्याकडे पाठवायचा. हो, अडत्याच. आपल्याकडच्या मार्केट यार्डासारखाच प्रकार. अडत्या माल विकणार, त्यातून जहाजाचं भाडं, जकात, विमा आणि स्वतःची अडत कापणार आणि उरलेल्या पैशांची पट्टी पाठवणार. फक्त हे यार्ड अटलांटिकच्या पलीकडे, त्यामुळे पट्टी यायला कित्येक महिने. तोवर जमीनदाराने त्याच अडत्याकडून रेशमी कपडे, चिनी मातीची भांडी, घोडागाडी असं काय काय मागवलेलं असायचं. तेही अर्थात खात्यावर. तंबाखूचा भाव पडला की खातं उणे. मग पुढच्या वर्षीचं पीक त्यालाच बांधलेलं.

छोट्या शेतकऱ्यांसाठी ग्लासगोच्या व्यापाऱ्यांनी वेगळी सोय केली होती. त्यांनी नदीकाठी दुकानंच टाकली. तंबाखू इथेच द्या, खिळे, कापड, मीठ इथूनच उधारीवर न्या. ग्लासगोहून अमेरिकेचा प्रवास लंडनपेक्षा लवकर व्हायचा आणि घाऊक माल उचलायला फ्रान्सची सरकारी तंबाखू मक्तेदारी हे मोठं गिऱ्हाईक होतं. जॉन ग्लासफर्ड, विल्यम कनिंगहॅम, अलेक्झांडर स्पियर्स ही मंडळी यातूनच गब्बर झाली.

जून १७७२ मध्ये लंडनचा अलेक्झांडर फोर्डाइस हा बँकवाला सट्ट्यात बुडाला आणि पळून गेला. त्याच्यामागे स्कॉटलंडमधली 'एअर बँक' कोसळली. लंडनने ग्लासगोच्या मागे तगादा लावला, ग्लासगोने व्हर्जिनियाच्या. १७७४ मध्ये तर व्हर्जिनियातली कोर्टं कर्जवसुलीच्या दाव्यांसाठी बंदच पडली. पुढच्या वर्षी युद्ध. सगळं युद्ध कर्ज बुडवायलाच झालं असं मी म्हणणार नाही, ते फार सोपं उत्तर झालं. पण धनको शत्रू ठरला, ही गोष्ट बऱ्याच ऋणकोंना गैरसोयीची वाटली नाही एवढं नक्की :)

१७७७ मध्ये व्हर्जिनियाने एक भन्नाट कायदा केला. इंग्रजाचं देणं आहे ना? मग ते राज्याच्या तिजोरीत भरा, कागदी चलनात भरलं तरी चालेल, आणि कर्जमुक्तीचा दाखला घेऊन जा. कागदी चलन तेव्हा दर महिन्याला स्वस्त होत होतं. रिचमंडच्या डॅनियल हिल्टनच्या पेढीने १७८० मध्ये असे तीन हजारांवर कागदी डॉलर भरले. मूळ देणं होतं ब्रिस्टलच्या 'फॅरेल अँड जोन्स' या पेढीचं. अस्सल स्टर्लिंग पौंडांतलं.

१७८३ च्या पॅरिस तहात ब्रिटिशांनी चौथं कलम घालून घेतलं: दोन्हीकडच्या धनकोंना खऱ्या कर्जाची पूर्ण रक्कम, स्टर्लिंगमध्ये, वसूल करायला कायद्याची आडकाठी असणार नाही. व्हर्जिनियात बोंब उठली. जॉर्ज मेसनने पॅट्रिक हेन्रीला कळवलं की लोक विचारताहेत, हे पैसे द्यायचेच होते तर इतकी वर्षं लढलो कशाला?

इथपर्यंत वाचताना मी पूर्ण व्हर्जिनियाच्या बाजूने होतो. खरं सांगतो. इंग्रजाचं कर्ज कुणी बुडवलं म्हटलं की आपले हात आपोआप टाळ्या वाजवायला वर येतात. पण मग तहाचं सातवं कलम वाचलं.

त्यात लिहिलं होतं की ब्रिटिश सैन्याने परत जाताना अमेरिकनांची मालमत्ता, म्हणजे त्यांचे काळे गुलाम, नेऊ नयेत. युद्धात हजारो गुलाम मालकांकडून पळून ब्रिटिश फौजेकडे गेले होते, कारण तिने त्यांना स्वातंत्र्य देऊ केलं होतं. १७८३ मध्ये न्यूयॉर्क सोडताना ब्रिटिश सेनापती गाय कार्लटनने त्यांना परत द्यायला नकार दिला. अशा सुमारे ३,००० माणसांची नोंदवही आजही उपलब्ध आहे, नाव, वय, वर्णन आणि पूर्वीचा मालक यांसकट. व्हर्जिनियाचं म्हणणं, आधी आमची 'मालमत्ता' द्या, मग कर्जाचं बोलू. ब्रिटिशांचं म्हणणं, आधी कर्ज द्या, मग आम्ही डेट्रॉइट, नायगारा, ओस्वेगोचे किल्ले सोडू. म्हणजे वजावटीच्या या हिशेबात एका बाजूला तंबाखूची उधारी, दुसऱ्या बाजूला नुकती सुटलेली जिवंत माणसं. माझे टाळीचे हात तिथेच खाली आले.

बरं, पुढे काय झालं? नव्या राज्यघटनेने तहांना देशाचा सर्वोच्च कायदा ठरवलं, आणि १७९० पासून फेडरल कोर्टांत दाव्यांची रांग लागली. १७९१ मध्ये इंग्रज व्यापाऱ्यांनी आपल्या सरकारला जी यादी दिली, ती व्याजासकट जवळजवळ ५० लाख पौंडांची होती आणि त्यातला निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या व्हर्जिनियाचा! हिल्टनचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, तेच 'वेअर विरुद्ध हिल्टन'. ऋणकोंच्या बाजूने उभा होता जॉन मार्शल. मार्च १७९६ मध्ये निकाल लागला: तह मोठा, राज्याचा कायदा छोटा, कागदी भरणा चालणार नाही. मार्शलने सुप्रीम कोर्टापुढे लढवलेला हा एकमेव खटला, आणि तो हरला. १८०१ मध्ये तोच त्या कोर्टाचा सरन्यायाधीश झाला.

त्याआधी १७९४ च्या जे कराराने, ज्या कर्जांची वसुली कायद्याच्या अडथळ्यांमुळे हुकली होती त्यांच्यासाठी पाच जणांचा आयोग ठरवला होता. (याच कराराच्या १३ व्या कलमाने अमेरिकन जहाजांना हिंदुस्थानातल्या ब्रिटिश बंदरांत व्यापाराची मुभा मिळाली. म्हणजे मुंबईचाही या भांडणाशी बादरायण संबंध आहे!) आयोग १७९७ मध्ये फिलाडेल्फियात बसला. युद्धाच्या वर्षांचं व्याज धरायचं की नाही, कोण दिवाळखोर आधीपासून होता आणि कोण युद्धामुळे झाला, यावर भांडण इतकं पेटलं की १७९९ मध्ये अमेरिकन सदस्य उठूनच गेले. शेवटी जानेवारी १८०२ मध्ये तडजोड झाली. अमेरिकन सरकारने तीन हप्त्यांत एकरकमी ६ लाख पौंड द्यायचे, विषय संपला. सरकारचं उत्पन्न मुख्यतः आयात जकातीचं. म्हणजे व्हर्जिनियाच्या जमीनदारांच्या रेशमी कपड्यांचं बिल बोस्टनच्या कोळ्यानेही थोडं थोडं भरलं.

तेव्हा राष्ट्राध्यक्ष कोण होता? जेफरसन.

त्याचे सासरे जॉन वेल्स १७७३ मध्ये वारले. मुलीच्या वाट्याला जमीन आली, शंभराहून जास्त गुलाम आले आणि त्यांच्यासोबत फॅरेल अँड जोन्सचं सुमारे ४,००० पौंडांचं कर्ज आलं. जेफरसनने जमीन विकली, पण पैसे हातात येईपर्यंत ओकच्या पानांइतकीही त्यांची किंमत उरली नव्हती, असं त्यानेच लिहून ठेवलंय. त्यामुळे देणं तसंच राहिलं. हे कर्ज बापाकडून मुलाकडे जात जात व्हर्जिनियाचे जमीनदार लंडनच्या पेढ्यांची मालमत्ता होऊन बसले, असंही तो म्हणाला.

मालमत्ता! ज्याच्या पदरी खरोखरची 'मालमत्ता' असलेली माणसं होती, त्याने हा शब्द स्वतःसाठी वापरला. १७८४ ते १७९४ या दहा वर्षांत त्याने दीडशेहून जास्त गुलाम विकले किंवा मुलीबाळींना देऊन टाकले. त्या विक्रीमागे मुख्य कारण हीच देणी. ४ जुलै १८२६ ला तो गेला, तेव्हा डोक्यावर १ लाख डॉलर्सहून जास्त कर्ज होतं. जानेवारी १८२७ मध्ये मॉन्टिसेलोच्या हिरवळीवर लिलाव पुकारला गेला. विक्रीला होती १३० माणसं. नवरा एकाला गेला, बायको दुसऱ्याला, मुलं तिसऱ्याला.

कर्ज कोणी फेडलं, या प्रश्नाचं मला सापडलेलं उत्तर हे आहे. कोर्टाच्या कागदांत जोन्स आहे, हिल्टन आहे, मार्शल आहे. ज्यांनी तंबाखू पिकवला आणि शेवटी ज्यांना विकून हप्ते भागवले, त्यांचं नाव वादी-प्रतिवादीत कुठेच नाही. ते तारण होते.

माझ्या स्टेटमेंटमध्येही तारण असा एक रकाना आहे. त्यात एका फ्लॅटचं क्षेत्रफळ लिहिलंय, ६४० चौरस फूट. मागच्या शनिवारी त्याच्याकडे बघून चिडलो होतो. आज तो रकाना पुन्हा वाचला आणि गपचूप फाईल बंद केली.

असो. या महिन्याचा हप्ता ५ तारखेला आहे.