काष्टीच्या बाजारातला जुना पिकअप आणि त्यातले अनोळखी इंजिन

🧵 १/ काष्टी, तालुका श्रीगोंदा, जिल्हा अहिल्यानगर. शनिवारच्या जनावरांच्या बाजारासाठी हे गाव प्रसिद्ध आहे. बैल आणि म्हशी आणणाऱ्या पिकअप गाड्यांत एखादी फार जुनी असते. ती विक्रीला निघाली की पहिला प्रश्न येतो: आत इंजिन कोणते?

२/ हा केवळ कुतूहलाचा प्रश्न नव्हे. नोंदणी पुस्तकात इंजिन आणि चॅसी असे दोन्ही क्रमांक असतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार इंजिन बदलल्यास त्याची नोंद करावी लागते. ती नसेल, तर गाडी नावावर होताना अडते आणि विम्याचा दावाही अडचणीत येतो.

३/ मुळात इंजिने बदलली का? १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले. नवी गाडी घेणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून जुन्या पेट्रोल जीप आणि पिकअपमध्ये डिझेल इंजिन बसवून घेण्याचा मार्ग अनेकांनी पत्करला. सांगाडा एका काळाचा, इंजिन दुसऱ्या काळाचे.

४/ अशा इंजिनाची ओळख पटवणे हे जुना कागद अस्सल की बनावट हे ठरवण्यासारखेच काम. ठोकून उमटवलेला क्रमांक झिजतो, घासूनही काढता येतो. ब्लॉक ओततानाच उठलेली अक्षरे मात्र सहसा टिकतात. म्हणून आधी ब्लॉक स्वच्छ करून ती वाचावीत.

५/ अक्षरे लागली नाहीत, तर हेड उघडल्यावर माप घ्यावे. बोअरिंग केल्यावर सिलिंडरचा व्यास वाढतो. पिस्टन वरून खाली जितके अंतर जातो तो स्ट्रोक. तो क्रँकशाफ्ट ठरवतो आणि बोअरिंगने बदलत नाही. म्हणून स्ट्रोकची साक्ष अधिक विश्वासार्ह.

६/ स्ट्रोक १११.१ मिमी, म्हणजे ४ पूर्णांक ३/८ इंच: विलीजचे ‘हरिकेन’ पेट्रोल इंजिन. इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, ही त्याची ठळक खूण. स्वातंत्र्यानंतर महिंद्राने जीपची जुळणी सुरू केली, त्या परंपरेतले हे इंजिन.

७/ स्ट्रोक १०१.६ मिमी, म्हणजे नेमके ४ इंच: हा धागा ट्रॅक्टरकडे जातो. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने महिंद्राने १९६३ मध्ये ट्रॅक्टर व्यवसायात पाऊल टाकले. त्या घराण्यातील डिझेल इंजिने पुढे जीपमध्ये आली. व्यास ८८.९ मिमी असेल, तर ते २५२३ सीसीचे.

८/ स्ट्रोक ८३ आणि व्यास ९० मिमी: येथे इंच संपतात. हे २११२ सीसीचे फ्रेंच प्यूजो इंजिन. १९७९ मध्ये करार झाला आणि इगतपुरीच्या कारखान्यात त्याचे उत्पादन होऊ लागले.

९/ स्ट्रोक ९२.४, व्यास ९०.९ मिमी: २३९९ सीसीचे मर्सिडीज घराण्यातील इंजिन. पुण्याजवळच्या बजाज टेम्पोने ते परवान्याखाली बनवले. ते जीपमध्येही बसवले गेले.

१०/ ओळख पटल्यावर सुटे भाग अचूक मागवता येतात. पण पुस्तकातील क्रमांक आणि ब्लॉकवरील क्रमांक जुळत नसतील, तर माप पुरेसे नाही. परिवहन कार्यालयातील नोंद पाहावीच लागते. घासलेला क्रमांक दिसला, तर सौदा तेथेच थांबवावा. इंजिन कोणत्या घराण्यातले हे ब्लॉक सांगतो, ते कोणाचे हे सांगत नाही.

#इतिहास #मराठी