वऱ्हाडातील कापूसबाजार आणि काट्याची पत

वऱ्हाडातील कापसाच्या व्यापारात विश्वासाच्या दोन वेगळ्या पातळ्या होत्या. अमरावती, अकोला आणि त्या काळी अकोला जिल्ह्यात असलेले खामगाव येथील पेढ्यांचा आपसांतील व्यवहार हुंडीवर, म्हणजे विशिष्ट रक्कम विशिष्ट मुदतीत अदा करण्याच्या लेखी आदेशावर, चालत असे आणि हुंडी न सकारता परत गेल्यास पेढीची पत बुडत असल्यामुळे व्यापाऱ्याला व्यापाऱ्याशी चोख राहणे भागच होते. कास्तकाराच्या बाबतीत असा धाक नव्हता. त्याची गाडी अडत्याकडे, म्हणजे कमिशन घेऊन माल विकून देणाऱ्या मध्यस्थाकडे, लागे. वरवरचा कापूस पाहून भाव ठरे आणि जिनात, म्हणजे सरकी वेगळी काढण्याच्या कारखान्यात, गाडी खाली होऊ लागली की खालचा माल ओला किंवा कवडीचा, म्हणजे किडका व डागाळलेला, निघाल्याचे सांगून भाव पाडला जाई. अर्धी गाडी उपसल्यावर माल परत नेणे त्याला परवडत नसे. त्यातच कडता, म्हणजे घट धरून वजनातून केलेली कपात, आणि तोलाई, हमाली, धर्मादाय ही वजावट होतीच; अर्थात कापसावर पाणी शिंपडून वजन वाढवणारे विक्रेतेही होते, म्हणून संशय एकतर्फी नव्हता.

1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि 1861 ते 1865 या काळातील अमेरिकन यादवी युद्धात तिकडचा कापूस अडल्यामुळे इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांची नजर या काळ्या जमिनीकडे वळली. मागणी वाढताच भेसळही वाढली, तिला आळा घालण्यासाठी मुंबई इलाख्यात 1863 मध्ये कायदा झाला, आणि 1870 मध्ये खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा पोहोचल्यावर तिथला कापूसही थेट मुंबई बंदराशी जोडला गेला. खरेदीदाराला शुद्ध माल हवा होता. बाजार नियंत्रणाचा आरंभ कास्तकाराच्या कळवळ्यापेक्षा या गरजेतून झाला, असे मानणेच अधिक सयुक्तिक ठरते.

1886 मध्ये कारंजा येथे वऱ्हाडचा कारभार पाहणाऱ्या हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये देशातील पहिला नियंत्रित कापूसबाजार स्थापन झाला आणि 1897 च्या वऱ्हाड कापूस व धान्यबाजार कायद्याने या व्यवस्थेला पक्के रूप दिले. खरेदी-विक्रीची जागा नेमून देणे, दलाल व मापारी यांना परवाने देणे, वजनमापांवर देखरेख ठेवणे आणि या सर्वांसाठी बाजार समिती नेमणे ही या कायद्याची मुख्य अंगे होती. व्यापाऱ्याच्या ओट्यावरचा काटा त्यामुळे चारचौघांच्या नजरेखाली आला, आणि ही गोष्ट कोणत्याही पेढीच्या वैयक्तिक सचोटीपेक्षा अधिक टिकाऊ ठरली.

मात्र समित्यांवर व्यापाऱ्यांचाच वरचष्मा राहिला. ज्याचा माल तोलला जाई त्याला तोलाचे नियम ठरवण्यात स्थान नव्हते. 1928 मध्ये शाही कृषी आयोगाने नियंत्रित बाजारांचा देशभर विस्तार करण्याची शिफारस केली, 1932 मध्ये मध्य प्रांताचा स्वतंत्र कापूसबाजार कायदा आला, आणि शेतकरी प्रतिनिधींचे बहुमत असलेली, उघड लिलावाचा आग्रह धरणारी बाजार समिती 1963 च्या महाराष्ट्र कायद्याने राज्यभर लागू केली.