जोड ठरवताना : अमेरिकन महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील सामन्यापूर्वीची चर्चा (१९६३ व १९६६) – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

कुस्तीच्या फडात मल्ल आखाड्यात उतरण्यापूर्वी त्यांची ‘जोड’ ठरते. वजन, वय, दम आणि डाव यांचा अंदाज घेऊन जाणती मंडळी कोण कोणाशी लढणार हे ठरवतात आणि जोड लागली की निकालाविषयीची चर्चा रंगू लागते. बास्केटबॉल हा पाच-पाच खेळाडूंचा सांघिक खेळ असला, तरी त्यातही अशी जोड असतेच. प्रतिपक्षाच्या उंच खेळाडूला कोणी रोखावयाचे, चपळ खेळाडूच्या मागे कोणी धावावयाचे, कोणता खेळाडू कोणाला भारी पडेल, हे प्रश्न सामन्यापूर्वी प्रशिक्षक, पत्रकार आणि प्रेक्षक या सर्वांनाच पडतात.

ही चर्चा वरवर पाहता केवळ क्रीडाविषयक वाटते. परंतु माणसांची तुलना करताना समाज कोणते मोजमाप वापरतो, हे या चर्चेतून नकळत प्रकट होते. त्यामुळे सामन्याच्या निकालाइतकीच सामन्यापूर्वीची चर्चाही इतिहासाचे साधन ठरू शकते. अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेतील १९६३ व १९६६ या वर्षांच्या दोन सामन्यांच्या आधारे या विधानाची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

स्पर्धेचे स्वरूप

जेम्स नायस्मिथ यांनी १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे बास्केटबॉल हा खेळ निर्माण केला. नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन या संस्थेची पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा १९३९ पासून सुरू झाली. ही स्पर्धा बाद पद्धतीची असल्याने एका पराभवात विजेतेपदाची आशा संपते. शिवाय वर्षभर आपापल्या विभागात खेळणारे दूरदूरचे संघ येथे समोरासमोर येतात. १९६० च्या दशकात प्रतिपक्षाच्या खेळाच्या चित्रफिती आजच्यासारख्या सहज मिळत नसत. प्रत्यक्ष माहिती जेथे अपुरी पडते, तेथे तिची जागा ऐकीव मते आणि पूर्वग्रह घेतात. सामन्यापूर्वीच्या चर्चेचे विश्लेषण करताना ही बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

जोड लावण्यासच नकार : मिसिसिपी स्टेट

१९५९, १९६१ व १९६२ या तीन वर्षी मिसिसिपी स्टेट विद्यापीठाच्या संघाने आपल्या विभागाचे विजेतेपद मिळवले. त्यांचे प्रशिक्षक जेम्स ‘बेब’ मॅकार्थी हे कुशल मानले जात. तरीही तिन्ही वेळा हा संघ राष्ट्रीय स्पर्धेत उतरला नाही. कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या संघाशी राज्यातील गौरवर्णीय विद्यापीठांनी खेळू नये, असा अलिखित दंडक मिसिसिपीत पाळला जात होता. येथे चर्चा कोणी कोणाला रोखावे ही नव्हती. समोर उभे राहावे की नाही, येथपासूनच प्रश्न होता.

१९६३ मध्ये संघाने पुन्हा विभागीय विजेतेपद मिळवले, तेव्हा परिस्थिती अधिकच तापलेली होती. जेम्स मेरेडिथ यांच्या प्रवेशावरून १९६२ च्या शरदात त्याच राज्यातील मिसिसिपी विद्यापीठात दंगल होऊन दोघांचा बळी गेला होता. अशा वातावरणात विद्यापीठाचे अध्यक्ष डीन कोल्वार्ड यांनी संघ पाठवण्याचा निर्णय जाहीर केला. उच्च शिक्षण मंडळाने बहुमताने त्यांना पाठिंबा दिला. विरोधकांनी मात्र न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला. तो बजावला जाण्यापूर्वी कोल्वार्ड आणि मॅकार्थी राज्याबाहेर गेले आणि दुसऱ्या दिवशी संघाने विमानाने राज्याची सीमा ओलांडली.

१५ मार्च १९६३ रोजी मिशिगन राज्यातील ईस्ट लान्सिंग येथे त्यांची गाठ शिकागोच्या लोयोला विद्यापीठाशी पडली. लोयोलाच्या पहिल्या पाच खेळाडूंपैकी चार कृष्णवर्णीय होते. पहिल्या फेरीत टेनेसी टेक संघाला १११–४२ असे हरवणारा लोयोला वेगासाठी, तर मिसिसिपी स्टेट चेंडू राखून संथपणे खेळण्यासाठी ओळखला जाई. क्रीडादृष्ट्या ही वेग विरुद्ध संयम अशी उत्तम जोड होती. सामन्यापूर्वी लोयोलाचा कर्णधार जेरी हार्कनेस आणि मिसिसिपी स्टेटचा कर्णधार जो डॅन गोल्ड यांनी हस्तांदोलन केले, त्या क्षणी छायाचित्रकारांच्या दिव्यांचा लखलखाट झाला. सामना लोयोलाने ६१–५१ असा जिंकला आणि पुढे अंतिम सामन्यात सिनसिनाटीला ६०–५८ असे हरवून विजेतेपदही मिळवले. वर्षानुवर्षे ज्या जोडीची भीती बाळगली गेली, ती प्रत्यक्षात लागली आणि एक चुरशीचा खेळ झाला. यापलीकडे काहीही अघटित घडले नाही.

१९६६ : समान कामगिरी, असमान अपेक्षा

तीन वर्षांनी, १९ मार्च १९६६ रोजी, मेरिलंड विद्यापीठाच्या कोल फील्ड हाउसमध्ये केंटकी आणि टेक्सास वेस्टर्न यांच्यात अंतिम सामना झाला. दोन्ही संघांनी तोवर २७ सामने जिंकले होते व प्रत्येकी एकच गमावला होता. केंटकीचे प्रशिक्षक अ‍ॅडॉल्फ रप यांच्या नावावर चार राष्ट्रीय विजेतेपदे होती. त्यांच्या त्या वर्षीच्या संघातील पहिल्या पाच खेळाडूंपैकी कोणीही सहा फूट पाच इंचांहून उंच नव्हता. म्हणून ‘रप यांचे बुटके’ अशा अर्थाचे टोपणनाव त्यांना मिळाले होते. टेक्सासमधील एल पासो येथील संघ तुलनेने अपरिचित होता. त्याचे प्रशिक्षक डॉन हॅस्किन्स १९६१ पासून तेथे कार्यरत होते.

आदल्या रात्री केंटकीने ड्यूक संघाला ८३–७९ असे हरवले होते. हे दोन्ही संघ गौरवर्णीय खेळाडूंचे होते आणि क्रमवारीत अनुक्रमे पहिले व दुसरे होते. हाच खरा अंतिम सामना, असे अनेक जाणकारांनी मानले. टेक्सास वेस्टर्नने त्याच रात्री युटाला ८५–७८ असे हरवले, याची दखल त्या मानाने कमी घेतली गेली. या संघाचा खेळ धावपळीचा, बेशिस्त आणि उपजत कसबावर विसंबणारा असल्याचे वर्णन वृत्तपत्रांतून होत होते. एका दैनिकाने तर या खेळाडूंच्या कौशल्याची तुलना जंगलातील माकडाशी केली. वस्तुतः हॅस्किन्स यांची शिकवण अत्यंत कडक होती. बचाव, संयम आणि योग्य संधीची प्रतीक्षा ही त्यांच्या संघाची खरी वैशिष्ट्ये होती. वर्णन संघाचे नव्हतेच, ते खेळाडूंच्या वर्णाविषयीच्या रूढ समजुतीचे होते.

हॅस्किन्स यांची निवड

केंटकीचे बळ वेगात होते. चेंडू हाती येताच धाव घेणे व लांबून अचूक फेक करणे यांत लुई डॅम्पियर आणि पॅट रायली निष्णात होते. हॅस्किन्स यांच्याकडे सहा फूट आठ इंच उंचीचा नेव्हिल शेड होता. उंचीचा विचार करता त्यालाच सुरुवातीला उतरवणे स्वाभाविक ठरले असते. परंतु हॅस्किन्स यांनी त्याच्याऐवजी अवघ्या पाच फूट सहा इंचांच्या विली वर्स्लीला स्थान दिले. बॉबी जो हिल व ऑर्स्टन आर्टिस यांच्या जोडीला तिसरा चपळ खेळाडू मिळाल्याने केंटकीच्या वेगाला वेगानेच उत्तर देणे शक्य झाले. आत डेव्हिड लॅटिन व हॅरी फ्लोर्नॉय हे दोघे राहिले. वर्स्लीच्या निवडीमागे जोडीचा हिशेब होता. त्याच वेळी पहिले पाचही खेळाडू कृष्णवर्णीय होते आणि संपूर्ण सामन्यात उतरलेले सातही कृष्णवर्णीयच होते.

आपण केवळ उत्तम खेळाडू उतरवले, असे हॅस्किन्स पुढे आयुष्यभर सांगत राहिले. काही खेळाडूंच्या आठवणी मात्र निराळ्या आहेत. त्या रात्री फक्त कृष्णवर्णीय खेळाडूच उतरतील, असे प्रशिक्षकांनी सामन्यापूर्वी सांगितल्याचे त्यांनी नमूद केले आहे. या दोन साक्षींपैकी एकच खरी मानण्याचे कारण नाही. उत्तम खेळाडू निवडणे हेच ज्या काळात धाडस ठरते, त्या काळात क्रीडाविषयक निर्णय आणि सामाजिक निर्णय यांतील सीमारेषा पुसट होते.

आकड्यांची साक्ष

पहिल्या सत्रात हिलने लागोपाठ दोनदा केंटकीच्या खेळाडूंकडून चेंडू हिरावून घेत गुण मिळवले. त्यानंतर टेक्सास वेस्टर्नने आघाडी सोडली नाही. फ्लोर्नॉय गुडघ्याच्या दुखापतीमुळे लवकर बाहेर गेला, तरी संघाची घडी मोडली नाही. अखेर ७२–६५ असा विजय मिळाला. हिलने सर्वाधिक २० गुण नोंदवले.

येथे आकडे बोलके आहेत. केंटकीने बास्केटकडे ७० फेकी केल्या व त्यांतील २७ यशस्वी ठरल्या. टेक्सास वेस्टर्नने केवळ ४९ फेकी करून २२ साधल्या. मोकळ्या फेकींत केंटकीला १३ पैकी ११, तर टेक्सास वेस्टर्नला ३४ पैकी २८ गुण मिळाले. अर्थात मैदानातून पाच बास्केट कमी करूनही विजय टेक्सास वेस्टर्नचा झाला. ज्या संघाकडून उतावळ्या खेळाची अपेक्षा होती, त्याने कमी फेकी केल्या, प्रतिपक्षाच्या गोटात शिरून फाउल मिळवले आणि मोकळ्या फेकी शांतपणे साधल्या. आदल्या रात्री ८३ गुण करणारा केंटकी ६५ वर थांबला. सामन्यापूर्वीच्या वर्णनाचा याहून स्पष्ट प्रतिवाद संभवत नाही.

उत्तरकालीन स्मृती

या सामन्याला मिळालेला अर्थ बराचसा पुढील काळात घडला. तत्कालीन अनेक वृत्तांतांत खेळाडूंच्या वर्णाचा स्पष्ट उल्लेखही नव्हता. या मौनाचे दोन अर्थ संभवतात. वर्ण महत्त्वाचा नव्हता, हा एक. तो इतका उघड होता की त्याविषयी लिहिणे अडचणीचे वाटले, हा दुसरा आणि अधिक पटणारा.

२००६ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘ग्लोरी रोड’ या चित्रपटाने हॅस्किन्स यांनी पहिल्याच वर्षी विजेतेपद मिळवल्याचे दाखवले. वास्तवात ते त्यांचे पाचवे वर्ष होते. विजयाने सर्व बदलले, हा समजही तपासून घ्यावा लागतो. १९६८ मध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या साप्ताहिकातील लेखमालेने कृष्णवर्णीय खेळाडूंच्या शोषणाची चर्चा केली, तेव्हा त्यात एल पासोचाही समावेश होता. दक्षिणेतील ज्या विभागात केंटकी व मिसिसिपी स्टेट खेळत, त्यात वँडरबिल्टचा पेरी वॉलेस १९६७ च्या अखेरीस मुख्य संघातून खेळू लागला. केंटकीच्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू दिसण्यास १९७० साल उजाडावे लागले. टेक्सास वेस्टर्नच्या त्या संघाचा समावेश नायस्मिथ यांच्या नावाच्या सन्मानदालनात झाला तो २००७ मध्ये.

समारोप

१९५९ ते १९६२ या काळात मिसिसिपीत जोड लावण्यासच नकार होता. १९६३ मध्ये ती मनाई हुकूम चुकवून लागली. १९६६ मध्ये जोड लागली, पण मोजमाप चुकले. या तीन टप्प्यांतून भेदभावाचे बदलते रूप दिसते. आधी तो माणसाला मैदानाबाहेर ठेवतो, आणि मैदानाचे दार उघडल्यावर त्याच्या गुणांच्या वर्णनात दडून बसतो. पहिल्या रूपाविरुद्ध कायदा करता येतो. दुसऱ्या रूपाविरुद्ध असा सोपा उपाय नसतो, कारण ते जाणकाराच्या अंदाजाचे सोंग घेऊन येते. एकाला शिस्तीचे श्रेय आणि दुसऱ्याला उपजत कसबाचे, ही विभागणी तेव्हा स्तुतीसारखी वाटली, परंतु तिने परिश्रमाचे श्रेय हिरावून घेतले.

अध्यापकासही वर्गात, प्रवेशप्रक्रियेत आणि मुलाखतीच्या टेबलावर सतत अशी तुलना करावी लागते. कोण कष्टाळू व कोण उपजत हुशार, हे ठरवताना माहिती किती आणि समजूत किती, हा प्रश्न कोल फील्ड हाउसमधील त्या रात्रीइतकाच तेथेही लागू होतो.