दुष्काळातील रत्तल आणि पुडीतील कण्या

नगर जिल्ह्यातील जुन्या घरांत कण्या हा परिचित पदार्थ होता. ज्वारी जात्यावर जाडसर भरडावी, पीठ चाळून घ्यावे, उरलेला भरडा पाण्यात मऊ शिजवावा आणि वर ताक ओतून, मीठ घालून तो खावा, ही त्याची साधी रीत. अमेरिकेच्या दक्षिण भागात हाच पदार्थ मक्याचा करतात. आता तर तो चीजच्या चवीसह लहान पुड्यांत बांधून विकला जातो; उकळते पाणी ओतले की न्याहारी सिद्ध होते. अशा पुडीतून शरीराला नेमके काय मिळते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. तथापि त्याचे उत्तर पुडीपेक्षा इतिहासात अधिक स्पष्ट सापडते, आणि त्या इतिहासाचा बराच भाग आपल्याच दुष्काळी मुलखाशी निगडित आहे.

1876 ते 1878 या काळात दख्खनवर जो घोर दुष्काळ आला, त्यात नगर जिल्हा होरपळून निघाला. सरकारने दुष्काळी कामे काढली. त्या वेळी हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून सर रिचर्ड टेंपल यांनी खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी मजुरीचे एक माप सुचविले. पुरुषाला दिवसाचे एक रत्तल धान्य आणि एक आणा; स्त्रिया व मुले यांना त्याहून कमी.

आता थोडे गणित करू. एक रत्तल म्हणजे सुमारे 450 ग्रॅम. शंभर ग्रॅम ज्वारीपासून सुमारे 335 ते 350 उष्मांक मिळतात. त्रैराशिकाने एका रत्तलाचे साधारण पंधराशे उष्मांक होतात. दिवसभर माती खणणाऱ्या, खडी फोडणाऱ्या पुरुषाला आजच्या भारतीय पोषणमानांप्रमाणे साडेतीन हजारांच्या आसपास उष्मांक लागतात. म्हणजे निम्म्याहूनही कमी अन्नावर पूर्ण दिवसाचे कष्ट! वरचा आणा होता खरा. परंतु धान्याचे भाव कडाडलेले असताना तो कितीसा पुरणार?

मुंबई इलाख्यात 1877 च्या आरंभी हे माप लागू होताच हजारो मजुरांनी कामे सोडून निषेध केला, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. तिकडे मद्रासचे आरोग्याधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनी शास्त्रीय आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे असे की, कष्टकऱ्याला किमान दीड रत्तल धान्य हवे आणि त्याखेरीज डाळ व भाजीपालाही हवा. अखेर मद्रास सरकारने मार्च 1877 मध्ये सव्वा रत्तल धान्य व थोडी डाळ मंजूर केली. त्या काळी जीवनसत्त्व हा शब्दही जन्मास आला नव्हता. तरीही अन्नाचे मोल केवळ वजनाने ठरत नाही, त्यात काय आहे हेही पाहावे लागते, हा विचार सरकारी कागदपत्रांत त्या वादातून शिरला. आपल्या दौंड-मनमाड लोहमार्गाचे कामही त्याच दुष्काळातले. तो मार्ग 1878 साली खुला झाला. त्या रुळांखालच्या मातीत अर्धपोटी माणसांचे श्रम आहेत, हे प्रवाशांनी विसरू नये.

पुढे 1899-1900 चा दुष्काळ आला. या वेळी अमेरिकेतून ‘क्विटो’ नावाचे जहाज सुमारे दोन लक्ष बुशेल मका घेऊन 1900 साली मुंबईस आले. त्या देशातून आलेल्या मदतीच्या वाटपात नगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे रॉबर्ट ह्यूम अग्रभागी होते. त्या कार्याबद्दल सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. भुकेल्याला मका मिळाला ही मोठीच गोष्ट होती. परंतु त्याच मक्यात एक उणीव दडलेली होती, आणि तिचा फटका खुद्द अमेरिकेलाच बसला.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेच्या दक्षिणेत मक्याच्या भरड्यावर गुजराण करणाऱ्या गरिबांत पेलाग्रा नावाचा रोग पसरला. कातडी काळवंडून सोलते, अतिसार जडतो, बुद्धी भ्रमते आणि अखेर मृत्यू येतो. डॉक्टर गोल्डबर्गर यांनी 1914 पासून परिश्रमपूर्वक सिद्ध केले की, हा संसर्गाचा रोग नसून निकस आहाराचा आहे. 1937 मध्ये त्याचा उतारा सापडला. ते नायसिन नावाचे जीवनसत्त्व. मक्यात ते असते, परंतु शरीराला सहज मिळू नये अशा बंधात अडकलेले असते. मेक्सिकोतील मूळ रहिवासी मका चुन्याच्या पाण्यात शिजवून तो बंध सोडवीत. इतर देशांनी मका नेला, चुन्याची युक्ती मात्र मागेच राहिली. शिवाय गिरणीत भरडा टिकावा म्हणून दाण्याचा कोंभ व कोंडा काढला जाई, त्यामुळे होते तेही गेले. म्हणून 1940 नंतरच्या दशकात तेथे भरड्यात लोह आणि ही जीवनसत्त्वे बाहेरून मिसळण्याचा प्रघात पडला.

आपणही निर्धास्त राहण्याचे कारण नाही. केवळ ज्वारीवर जगणाऱ्या दख्खनमधील गरिबांतही पेलाग्रा आढळतो, याकडे हैदराबादचे डॉक्टर गोपालन व डॉक्टर श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. पुढे 1972 च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली, कामांवर सुकडी वाटली गेली, आणि मे 1973 मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. त्याच सुमारास आपल्या जामखेडला डॉक्टर रजनीकांत व मेबल आरोळे या दांपत्याने 1970 साली आरोग्याचे काम आरंभिले होते. औषधाआधी अन्न व पाणी हे त्यांचे सूत्र होते. लहान मुलांसाठी गावोगाव स्वयंपाक सुरू झाले, आणि आहाराचे ज्ञान गावातल्याच, बहुधा निरक्षर, स्त्रियांच्या हाती सोपविण्यात आले. या कार्याला 1979 साली मॅगसेसे पुरस्कार लाभला.

आता पुन्हा पुडीकडे वळू. चीजच्या चवीच्या कण्यांची पुडी साधारणपणे 28 ग्रॅमची असते. तीत सुमारे 100 उष्मांक, दोन-तीन ग्रॅम प्रथिने, ग्रॅमभर चोथा आणि वरून मिसळलेले लोह व जीवनसत्त्वे असतात. सोडियम मात्र बहुधा चारशे मिलिग्रॅमच्या आसपास भरते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढासाठी दिवसाची मर्यादा 2000 मिलिग्रॅम सांगितली आहे. तिचा पाचवा हिस्सा त्या चार घासांतच संपतो. उलट शंभर ग्रॅम अख्ख्या ज्वारीत दहा ग्रॅम प्रथिने व दहा ग्रॅम चोथा असतो. ज्वारीच्या प्रथिनांत जे उणे, ते डाळ आणि ताक भरून काढतात. कण्यांवर ताक ओतणाऱ्या आपल्या आज्यांना हे शास्त्र शब्दांनी ठाऊक नसेल, हातांनी ठाऊक होते. पुडीत त्या ताकाच्या जागी चीजची भुकटी आली आहे. तिने चव येते, परंतु वाटीभर ताकाचे काम चिमूटभर भुकटीने कसे व्हावे?

पुडी वर्ज्य मानावी, असे माझे म्हणणे नाही. घाईच्या दिवशी तिचाही उपयोग आहे. परंतु विकत घेताना समोरच्या चित्राऐवजी मागचा बारीक अक्षरांतील तक्ता वाचावा. प्रथिने किती, चोथा किती, मीठ किती, हे मुलांकडून वाचून घ्यावे. आणि पुडी फोडलीच, तर सोबत वाटीभर दही, मूठभर शेंगदाणे किंवा मोडाची मटकी द्यावी. एका रत्तलात माणूस जगेल असे ज्यांनी कागदावर ठरविले, त्यांनी वजन मोजले, अन्न मोजले नाही. ती चूक आपल्या घरातील मुलांच्या ताटात पुन्हा होऊ नये, एवढी दक्षता आपण खचित घेऊ शकतो.