मातीच्या रस्त्यांची निगा आणि तिची अवजारे : अमेरिकेच्या ग्रामीण इतिहासातील एक प्रकरण (१८७७–१९३१)

रस्त्यांच्या इतिहासात दगडी रस्त्यांना जो मान मिळतो तो मातीच्या रस्त्यांच्या वाट्यास येत नाही. रोमन राजमार्ग, मॅकॅडमची खडीची सडक, विसाव्या शतकातील काँक्रीटचे महामार्ग यांची वर्णने ग्रंथांतून विपुल आढळतात. परंतु ज्या मार्गांवरून प्रत्यक्षात धान्य, दूध आणि टपाल यांची ने-आण होत असे, ते बहुतेक मातीचेच होते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९०४ साली ग्रामीण रस्त्यांची पहिली देशव्यापी गणना झाली. तीत एकूण २१,५१,५७० मैल सार्वजनिक रस्त्यांपैकी कोणत्याही प्रकारे पृष्ठभाग सुधारलेले रस्ते केवळ १,५३,६६२ मैल, म्हणजे शेकडा सातांच्या आसपास आढळले. उरलेले रस्ते म्हणजे उघडी माती होती. ही माती वाहतुकीस योग्य ठेवण्यासाठी जी अवजारे निघाली, त्यांच्या इतिहासाचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

हा इतिहास सामान्यतः एका सरळ रेषेत मांडला जातो. आधी शेतकऱ्याने ओढलेला लाकडी ओंडका, मग घोड्यांनी ओढावयाचा पोलादी पात्याचा ग्रेडर आणि शेवटी स्वयंचलित मोटर ग्रेडर, असा हा क्रम असतो. साध्याकडून गुंतागुंतीकडे जाणारी ही मांडणी आकर्षक आहे. परंतु ती कालक्रमाच्या कसोटीस उतरत नाही. चाकांवरील ग्रेडर १८७७ च्या सुमारास बाजारात आला. चिरलेल्या ओंडक्याच्या ज्या अवजाराने मध्यपश्चिमेतील राज्यांत एक चळवळच उभी केली, ते मात्र १८९६ नंतरचे आहे. एखादे जड लाकूड ओढून जमीन सारखी करण्याची युक्ती अर्थातच फार जुनी होती. परंतु रस्त्याच्या निगेची निश्चित पद्धती हे रूप तिला ग्रेडरच्या नंतर मिळाले. सुधारलेले यंत्र उपलब्ध असताना त्याहून ओबडधोबड अवजाराचा स्वीकार का व्हावा, हा या प्रकरणातील खरा प्रश्न होय.

त्याचे उत्तर शोधताना प्रथम त्या काळच्या व्यवस्थेकडे पाहिले पाहिजे. इंग्लंडमध्ये १५५५ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशमधील रहिवाशांवर वर्षातून चार दिवस रस्त्यावर काम करण्याचे बंधन घातले होते. १५६३ मध्ये हे दिवस सहा झाले. ही पद्धती वसाहतींबरोबर अमेरिकेत गेली. इंग्लंडने ती १८३५ मध्ये रद्द केली. अमेरिकेच्या ग्रामीण भागात मात्र ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, काही ठिकाणी त्यानंतरही टिकली. शेतकरी रस्त्याचा कर रोख न भरता आपले घोडे, नांगर आणि फावडी घेऊन ठरलेल्या दिवशी येत आणि श्रमाने तो फेडीत. हे काम बहुधा पेरणी आणि कापणी यांच्यामधील सवडीच्या दिवसांत होई. देखरेख करणारा मनुष्य शेजाऱ्यांतूनच निवडलेला असे. त्यास रस्ताबांधणीचे शिक्षण नसे आणि शेजाऱ्यांवर सक्ती करण्याचे धैर्यही बहुधा नसे. वर्षातून एकदा नांगरून मधोमध ओढलेली ती सैल माती पुढच्या पावसात पुन्हा चिखल होई.

मातीच्या रस्त्याचा मुख्य शत्रू पाणी होय. रस्त्याची पाठ मध्यभागी उंच, दोन्ही बाजूंना उतरती आणि कडेचे चर मोकळे असतील, तर पावसाचे पाणी वाहून जाते. परंतु ओल्या मातीवरून गाडी गेली की चाकोरी पडते. चाकोरीत पाणी साचते. साचलेले पाणी खालची माती मऊ करते आणि पुढचे चाक चाकोरी अधिक खोल करते. मिसुरी, आयोवा, इलिनॉय या राज्यांत जेथे चिकट काळी माती आहे, तेथे वसंत ऋतूत रस्ते आठवडेच्या आठवडे बंद पडत. दख्खनच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात गाडी हाकलेल्या मनुष्यास या चिखलाचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

या अडचणीवर पहिला उपाय यंत्रनिर्मात्यांकडून आला. कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे जेम्स पोर्टियस या स्कॉटलंडहून आलेल्या कारागिराने १८८३ मध्ये सुधारलेल्या खोऱ्याचे एकस्व मिळविले. अर्धगोल तळाचे हे पोलादी खोरे जनावरे ओढीत आणि मागील दांडा वरखाली करून हाकणारा मनुष्य माती किती खरवडावी व कोठे पसरावी हे ठरवी. महाराष्ट्रातील शेतकरी जमिनीच्या सपाटीकरणासाठी जी केणी वापरीत, तिच्याच जातीचे, परंतु अधिक क्षमतेचे हे साधन होय. ते मूळचे पाटाच्या पाण्यासाठी कालवे खणण्याच्या कामी निघाले आणि तेथून रस्त्यांच्या भरावाकडे वळले.

रस्त्याची पाठ घडविण्यासाठी खास यंत्र पेनसिल्व्हेनियातील केनेट स्क्वेअर येथे सॅम्युएल पेनॉक याने काढले. चार चाकांच्या चौकटीखाली एक लांब पोलादी पाते तिरपे बसविलेले असे. घोडे चौकट ओढीत आणि पाते चराकडील माती कापून रस्त्याच्या मध्याकडे सरकवीत असे. या रचनेत एक दोष होता. पाते तिरपे असल्यामुळे मातीचा दाब संपूर्ण यंत्रास बाजूला ढकली आणि यंत्र चरात घसरे. इंडियाना राज्यातील जोसेफ अ‍ॅडम्स याने १८८५ मध्ये यावर जो तोडगा काढला तो अत्यंत साधा होता. त्याने चाके कलती करण्याची सोय केली. दोर ओढताना मनुष्य जसा विरुद्ध दिशेस अंग टाकतो, तशी ही चाके दाबाच्या विरुद्ध कलून जमीन धरून ठेवीत. हे तत्त्व आजच्या मोटर ग्रेडरच्या पुढील चाकांतही कायम आहे.

ग्रेडरमुळे रस्ता बांधण्याचा वेग वाढला, यात शंका नाही. परंतु हे यंत्र एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातील नव्हते. ते टाउनशिपने किंवा कौंटीने सामाईक निधीतून विकत घ्यावे लागे, घोड्यांच्या अनेक जोड्या जुंपाव्या लागत आणि पात्याचा कोन सांभाळणारा जाणता मनुष्य लागे. साहजिकच, ते एखाद्या रस्त्यावर आपली पाळी आली म्हणजेच येई. त्याने घडविलेली पाठ कितीही सुबक असली, तरी त्यानंतरच्या पहिल्या पावसात चाकोऱ्या पडल्या की त्या बुजविण्यास ते तेथे हजर नसे.

नेमकी हीच उणीव मिसुरी राज्यातील मेटलँड गावच्या डी. वॉर्ड किंग या शेतकऱ्याने भरून काढली. १८९६ मध्ये त्याने शेतावरील टाकाऊ लाकडे एकत्र बांधून आपल्या घरासमोरील रस्त्यावरून ओढली आणि पुढील पावसातही हा प्रयोग चालू ठेवला. काही काळाने इतर रस्ते चिखलाने भरलेले असताना त्याचा तुकडा मात्र टणक राहिलेला शेजाऱ्यांस दिसला. पुढे या अवजारास जे निश्चित रूप आले ते असे : सात ते नऊ फूट लांबीचा, दहा ते बारा इंच जाडीचा, वाळलेल्या हलक्या लाकडाचा ओंडका उभा चिरावयाचा; दोन्ही फाका, सपाट बाजू पुढे येईल अशा, एकामागे एक सुमारे तीस इंचांवर आडव्या दांड्यांनी जोडावयाच्या; पुढील फाकेच्या कडेस लोखंडी पट्टी ठोकावयाची; आणि वर उभे राहण्यासाठी फळ्या टाकावयाच्या. साखळी अशी अडकवीत की अवजार रस्त्यावरून तिरपे सरके आणि कडेची थोडी माती मध्याकडे येई. हाकणारा मनुष्य फळीवर पुढेमागे, डावीउजवीकडे सरकून आपल्या वजनानेच पात्याची खोली नियंत्रित करी. यालाच 'ड्रॅग' असे नाव पडले.

ड्रॅगचे यश त्याच्या रचनेपेक्षा वेळेवर अवलंबून होते. पाऊस थांबल्यानंतर माती ओली असते, पण अवजारास चिकटून ओढली जात नाही, अशा मोजक्या तासांतच ते फिरवावे लागे. त्या वेळी सपाट फाक चिकणमाती नुसती सरकवीत नाही, तर लिंपते. मातीची छिद्रे बुजतात, आणि उन्हाने ती वाळली की वर एक घट्ट, पाणी न मुरणारा थर तयार होतो. प्रत्येक पावसानंतर असा पातळ थर चढत जाऊन रस्त्याची पाठ हळूहळू उंच व कठीण होते. खळे करताना जमीन भिजवून, तुडवून आणि सारवून टणक करणाऱ्या मराठी शेतकऱ्यास हे तत्त्व अपरिचित नाही. कोरड्या मातीवर ड्रॅग फिरविला तर धूळ तेवढी होते. फार उशीर केला तर चाकोऱ्या वाळून दगडासारख्या होतात.

ग्रेडरच्या नंतर ड्रॅगचा प्रसार का झाला, याचा उलगडा येथे होतो. ग्रेडर हे रस्ता घडविण्याचे साधन होते. ड्रॅग हे घडविलेला रस्ता राखण्याचे साधन होते. घडविण्याचे काम पाळी लावून करता येते. निगेचे काम पावसाच्या वेळापत्रकाने करावे लागते, आणि ते रस्त्याकाठी राहणाराच करू शकतो. दोन अवजारे परस्परांची जागा घेण्यासाठी स्पर्धा करीत नव्हती; ती दोन वेगळ्या कामांची होती. सरळ रेषेतील मांडणी हा भेद पुसून टाकते.

मात्र ड्रॅगच्या लोकप्रियतेस तांत्रिक कारणाइतकेच राजकीय कारणही होते. 'चांगल्या रस्त्यां'ची चळवळ आरंभी शहरांतील सायकलस्वारांनी उचलून धरली. त्यांची 'लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन' ही संघटना १८८० मध्ये स्थापन झाली आणि १८९२ पासून तिने रस्त्यांविषयी स्वतंत्र मासिक चालविले. संघराज्य सरकारच्या कृषी खात्यात १८९३ मध्ये जनरल रॉय स्टोन यांच्या हाताखाली रस्ते-चौकशी कचेरी उघडली. शहरवासीयांच्या फेरफटक्यासाठी आपण कर का द्यावा, असा शेतकऱ्यांचा रोकडा सवाल होता. १८९६ मध्ये ग्रामीण भागात घरपोच टपाल सुरू झाले आणि टपाल हवे तर रस्ता वाहता ठेवणे भाग पडले, तेव्हा हा विरोध सौम्य होऊ लागला. अशा वेळी ड्रॅग पुढे आला. त्यास नवा कर लागत नव्हता. कर्जरोखे लागत नव्हते. लाकूड, घोडे आणि मनुष्य शेतावरचेच होते. रेल्वे कंपन्यांनाही आपल्या स्थानकांपर्यंत माल बारमाही यावा असे वाटत असल्याने त्यांनी खास गाड्यांतून किंगची व्याख्याने घडवून आणली. कृषी खात्याने १९०८ मध्ये शेतकऱ्यांसाठीच्या पत्रिकामालेत ड्रॅगवर स्वतंत्र पत्रिका काढली आणि १९१४ मध्ये त्याच विषयावर दुसरी प्रसिद्ध केली.

परंतु या स्वस्ताईची दुसरी बाजू इतिहासकाराने नजरेआड करू नये. ड्रॅग फुकट नव्हता. त्याची किंमत शेतकऱ्याच्या श्रमाने दिली जात होती, एवढेच. ज्या तासांत रस्त्याची माती ड्रॅगसाठी योग्य असे, त्यानंतर थोड्याच वेळात शेतही मशागतीस योग्य होई. मनुष्य आणि घोडे तेच. शिवाय एका शेतकऱ्याने आपल्या घरासमोरील मैलभर रस्ता राखला आणि शेजाऱ्याने राखला नाही, तर त्या मैलाचा उपयोग मर्यादितच राहतो. १९०८ मध्ये फोर्डची टी मॉडेल मोटार आली आणि पुढील काही वर्षांत रस्त्यावरून जाणारा आणि रस्ता राखणारा ही दोन वेगळी माणसे झाली. स्वयंसेवेच्या मूळ कल्पनेस येथेच तडा गेला. मध्यपश्चिमेतील काही राज्यांनी कायदे करून ड्रॅग फिरविणाऱ्यास मैलामागे मोबदला देण्याची तरतूद केली. रस्त्याची निगा ही शेजारधर्माची बाब न राहता मजुरीची बाब झाली, याची ही पहिली कबुली होय.

१९१६ च्या संघीय रस्ता-साहाय्य कायद्याने हे संक्रमण अधिक स्पष्ट केले. पाच वर्षांत ७ कोटी ५० लाख डॉलरचे साहाय्य त्यात होते; परंतु ते मिळण्यासाठी प्रत्येक राज्यात स्वतंत्र महामार्ग खाते असणे आवश्यक ठरले आणि बांधलेल्या रस्त्यांची निगा राखण्याचे दायित्वही घातले गेले. अनेक ठिकाणी गस्तीची पद्धती रूढ झाली. एका पगारी मनुष्याकडे ठरावीक मैलांचा रस्ता सोपवावयाचा आणि त्याने हलका ग्रेडर किंवा ड्रॅग घेऊन तो सतत फिरावयाचा, अशी ती होती. किंगच्या पद्धतीतील 'पावसानंतर लगेच' हे तत्त्व तिने उचलले. फक्त शेतकऱ्याच्या जागी नोकर आला.

पुढील यंत्रांची नावे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. मिनेसोटातील रसेल कंपनीने (स्थापना १९०३) १९२० च्या सुमारास ट्रॅक्टरभोवती ग्रेडरची चौकट बसवून जे यंत्र काढले त्याचे नाव 'मोटर हाय-वे पेट्रोल' असे होते. १९२८ मध्ये ही कंपनी कॅटरपिलर कंपनीने घेतली आणि १९३१ मध्ये इंजिन, चौकट व पाते यांची एकसंध रचना असलेला 'ऑटो पेट्रोल' बाजारात आला. दोन्ही नावांत 'पेट्रोल' म्हणजे गस्त हा शब्द आहे. एकच मनुष्य, घोड्यांवाचून, पावसानंतर त्याच दिवशी कित्येक मैल रस्ता सारखा करू लागला. घडविणे आणि राखणे ही दोन्ही कामे येथे प्रथमच एका यंत्रात एकवटली. ड्रॅग मागे पडला तो यामुळे. त्याहून सुबक पाते निघाल्यामुळे नव्हे. सुबक पाते तर त्याच्या जन्मापूर्वीच निघाले होते.

तात्पर्य, या अर्धशतकाच्या इतिहासात अवजाराच्या धारेइतकेच ते हाती धरणाऱ्या मनुष्याच्या ठिकाणास महत्त्व होते. रस्त्याच्या उद्घाटनाची तारीख दप्तरात राहते; प्रत्येक पावसानंतर त्यावर फिरलेल्या ओंडक्याची नोंद बहुधा कोणी ठेवीत नाही. म्हणून ग्रामीण दळणवळणाचा अभ्यास करणाऱ्याने रस्ता कोणी व केव्हा बांधला यावर न थांबता, तो कोणी राखला, कोणत्या मोबदल्यावर राखला आणि कोणाच्या सोयीसाठी राखला, हेही विचारले पाहिजे. अमेरिकेतील मातीच्या रस्त्यांनी या प्रश्नाचे पहिले उत्तर 'शेजाऱ्याने' असे दिले आणि शेवटचे 'राज्याने' असे दिले. या दोन उत्तरांमधील सर्व वादविवाद एका चिरलेल्या ओंडक्याच्या वापरात साठलेला आहे.