ज्यूरीचा अबोल कौल

हैदराबादेत मुसी नदीच्या दक्षिण तीरावर उच्च न्यायालयाची तांबड्या-पांढऱ्या दगडांची भव्य वास्तू उभी आहे. १९५६ मध्ये आंध्र प्रदेश राज्य अस्तित्वात आले, तेव्हा कोका सुब्बा राव हे तेथील मुख्य न्यायमूर्ती झाले. १९५८ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि पुढे एका जुन्या प्रश्नाशी त्यांची गाठ पडली. ज्यूरीचा कौल बुद्धीस पटत नसेल, तर दाद कशी मागावी?

ज्यूरी कारणे देत नसे. ‘दोषी’ अथवा ‘निर्दोष’ एवढे सांगून ती उठे. मग तिच्याच दोन उत्तरांचा मेळ बसला नाही, तर खुलासा कोणाकडे मागावयाचा? अमेरिकेत दारूबंदीच्या काळात ज्यूरीने डन नामक आरोपीस विक्रीसाठी दारू ठेवल्याबद्दल दोषी ठरविले. पण दारू बाळगणे व विकणे या आरोपांतून त्याला मुक्त केले! तरीही १९३२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. प्रत्येक आरोपावरील कौल स्वतंत्र मानावा, असे त्याने म्हटले.

भारतात १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने निराळी वाट ठेवली होती. न्यायाधीशाने ज्यूरीला चुकीचे मार्गदर्शन केले, किंवा त्याने सांगितलेला कायदा तिला नीट उमगला नाही, तरच अपिलात तिचा कौल फिरविता येई. शिवाय कौल अमान्य असलेला सत्र न्यायाधीश कलम ३०७ अन्वये प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवू शके.

१९५९ मध्ये मुंबईत नानावटी खटल्यात तसेच घडले. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीस निर्दोष ठरविले. न्यायाधीशांना ते पटले नाही. १९६० मध्ये उच्च न्यायालयाने खुनाबद्दल जन्मठेप दिली. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आरोपीचे अपील फेटाळले. तो निकाल सुब्बा राव यांनी लिहिला. प्रकरण वर पाठविणाऱ्या न्यायाधीशांच्या मार्गदर्शनातच दोष होते, हेही त्यात दाखविले होते. पुराव्याची जबाबदारी कोणत्या मुद्द्यावर आरोपीकडे जाते, हे ज्यूरीला सांगावयाचे राहून गेले होते. मौन राखणाऱ्या ज्यूरीला जाब विचारता येत नव्हता. बोललेल्या न्यायाधीशाचा शब्द मात्र तपासता येत होता.

१९७३ च्या संहितेत ज्यूरीला स्थान उरले नाही. निर्णयाबरोबर कारणे लिहिण्याचे बंधन न्यायाधीशावर आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. शिक्षा झालेल्या माणसाला आज निकालातील चुकीच्या वाक्यावर बोट ठेवता येते. ज्यूरीच्या एका शब्दावर ते ठेवता येत नव्हते.